तिखट-मीठ घालण्याआधी काढलेली वाटी

घरात बाळाचं वरचं खाणं सुरू झालं की स्वयंपाकघरात दोन चुली मांडल्यासारखं होतं. मोठ्यांचं एक, बाळाचं एक. बाळाचं पातेलं वेगळं, मिक्सरचं भांडं वेगळं, भाज्या वेगळ्या. दोन-तीन महिन्यांत करणारं माणूस दमतं आणि तयार पिठाचे डबे घरात यायला लागतात. खरं तर घरच्या रोजच्या कुकरमधूनच मुलाचा वाटा निघतो. तो तिखट-मीठ पडण्याआधी काढायचा, एवढंच लक्षात ठेवायचं. जोडीला तीन कोरड्या गोष्टी सवडीने करून डब्यांत भरून ठेवायच्या: खिमटाची (तांदूळ-डाळीच्या मऊ पातळ पेजेची) भरड, मोड आलेल्या नाचणीचं पीठ आणि मेतकूट. मूल शाळेत जायला लागलं तरी यातले दोन डबे उपयोगी पडतात.

खालच्या सगळ्या मापांत वाटी म्हणजे १५० मिलीची आमटीची वाटी, चमचा म्हणजे पोहे खायचा (साधारण १० मिली) आणि छोटा चमचा म्हणजे चहाचा (५ मिली).

एकाच कुकरमध्ये

कुकरच्या खालच्या डब्यात वरणाची डाळ, त्यावर भात, हे आपण रोजच लावतो. सगळ्यात वर उंच काठाचा एक छोटा स्टीलचा डबा ठेवा, ३०० मिली मावेल असा. त्यात २ चमचे धुतलेले तांदूळ, १ चमचा मूगडाळ, लाल भोपळ्याची किंवा गाजराची सोललेली फोड आणि १ वाटी पाणी. डबा अर्ध्याच्या थोडा वर भरतो, त्याहून जास्त भरू नका. पाणी जास्त झालं की पेज उतू जाते आणि खालच्या भातात उतरते. वर छोटी ताटली झाका. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून पाच-सात मिनिटं ठेवा आणि कुकर आपोआप उतरू द्या. घाईत शिट्टी उचलून वाफ सोडली तर दाब एकदम कमी होतो, आतलं सगळं एकाच वेळी उसळतं आणि तुमचा मऊ भात झाकणाला जाऊन चिकटतो. कधी कधी वाफेच्या भोकात शीत अडकतं, ते तर धोक्याचंच.

तांदूळ चिकट हवा. आंबेमोहोर, इंद्रायणी, आजऱ्याकडचा घनसाळ किंवा कोणत्याही चांगल्या तांदळाची कणी चालते. कणी स्वस्त पडते, लवकर शिजते आणि मऊ भातासाठी अख्ख्या तांदळापेक्षा चांगलीच. परदेशात यातलं काही मिळत नसेल तर सोना मसुरी घ्या आणि पाणी पाव वाटी वाढवा. बासमतीचा भात कितीही शिजवला तरी शितं सुटीच राहतात, त्याच्या मागे लागू नका.

शिजलेला भात रवीने घोटा किंवा पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्र वर्षातून दोनदा पुरणपोळीला बाहेर येतं; बाळाच्या जेवणाला मात्र ते मिक्सरपेक्षा कितीतरी चांगलं. मिक्सरच्या पात्याने भाताचा आणि बटाट्याचा स्टार्च फुटून खळ होते, चिकट आणि ताणली जाणारी. बाळ ती जिभेने बाहेर ढकलतं आणि आपण समजतो की त्याला चव आवडली नाही. शिवाय सगळं गुळगुळीत खायची सवय लागली की दहाव्या महिन्यात भाताचं एक शीत तोंडात आलं तरी उमासे येतात. सहा महिने पूर्ण झाले की गुळगुळीत, आठव्या महिन्यात बोटाने कुस्करलेलं, नवव्या-दहाव्या महिन्यात हातात धरता येतील असे मऊ तुकडे आणि वर्षाच्या आसपास घरचं जेवण, या बेताने पुढे सरका.

भात घोटताना त्यात एक छोटा चमचा साजूक तूप घाला. बाळाचं पोट लहान, त्यामुळे थोड्या घासांत जास्त ताकद जायला हवी आणि ती तुपातून जाते.

वरणाच्या बाबतीत एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. डाळीचं पाणी आणि भाताची निवळ म्हणजे बाळाचं जेवण नव्हे. घराघरांत प्रेमाने वरची निवळ काढून बाळाला पाजतात आणि खालची घट्ट डाळ मोठ्यांच्या ताटात जाते. निवळ पचायला हलकी वाटते, कारण तिच्यात फारसं काही नसतंच. पोट पाण्याने भरतं, वजन वाढत नाही. उलटं करा: शिजलेली डाळ हळद-हिंगासकट घोटली की पाणी आणि मीठ घालण्याआधी दोन चमचे घट्ट वरण बाळासाठी काढा, मग मोठ्यांचं सारखं करा. घट्टपणाची परीक्षा सोपी आहे. चमच्यात घेऊन चमचा तिरका केला की लगेच ओघळलं तर ते पातळ. चमच्यावर टिकून हळूहळू घसरलं तर बरोबर.

किती द्यायचं? जागतिक आरोग्य संघटनेचा साधारण अंदाज असा: सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन मोठ्या चमच्यांनी सुरुवात, आठव्या महिन्यापर्यंत वाढवत जवळजवळ आपल्या एका वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत तेवढंच पण तीन-चार वेळा. वर्षानंतर सव्वा ते पावणेदोन वाटी तीन-चार वेळा आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू. हा अंदाजच आहे, बाळागणिक कमी-जास्त होणार.

वर्षाच्या आत मीठ घालू नका. साखर आणि गूळ दोन वर्षांपर्यंत लांब ठेवता आला तर उत्तम. गूळ पौष्टिक म्हणून चालतो असं पुष्कळ जण धरून चालतात, पण मुलाच्या दातांना आणि जिभेला तो साखरच आहे. गोडी हवी तर पिकलेलं केळं किंवा भिजवून वाटलेला खजूर आहे. आणि मध वर्षाच्या आत चाटवण्यापुरतासुद्धा नको. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

खिमटाची भरड

कुकर लावायला वेळ नसतो तेव्हा आणि प्रवासात हीच कामाला येते. १ वाटी तांदूळ किंवा कणी, अर्धी वाटी मूगडाळ, अर्धा छोटा चमचा जिरे. तांदूळ आणि डाळ वेगवेगळे धुऊन रोवळीत निथळा आणि पंचावर सावलीत पसरून पूर्ण वाळवा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग मंद आचेवर वेगवेगळे भाजा. तांदूळ पांढरेशुभ्र होऊन किंचित फुगतात, डाळीला खमंग वास सुटतो. जिरे शेवटी गरम कढईतच. गार झाल्यावर बारीक रव्याइतकं भरडा.

एका वेळेला २ चमचे भरड दीड वाटी थंड पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा, मग गॅसवर ढवळत दहा मिनिटं शिजवा. उकळत्या पाण्यात भरड टाकली की वरचा थर लगेच शिजतो, आत कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. त्या नंतर कितीही फोडल्या तरी फुटत नाहीत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ही भरड फ्रिजमध्येच ठेवा.

खिमट असो की मऊ भात, बाळाच्या वाटीत उरलेलं पुन्हा देऊ नका. अर्ध्या तासात ते पाणीदार झालेलं दिसेल. चमच्यावाटे बाळाची लाळ वाटीत जाते आणि लाळेतलं पाचक द्रव्य स्टार्च पातळ करायला लागतं. लाळेबरोबर जंतूही जातात. म्हणून आधी थोडं वेगळ्या वाटीत घ्या, लागलं तर पातेल्यातून पुन्हा वाढा.

नाचणी: सत्व की मोडाचं पीठ?

नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, रोजच्या धान्यांत इतकं कशातच नाही. पण ते बरंचसं दाण्याच्या बाहेरच्या भागात असतं, हे लक्षात ठेवलं की पुढचा निर्णय सोपा होतो.

आजीच्या पद्धतीचं सत्व म्हणजे भिजवलेली नाचणी पाण्यात वाटून, फडक्यातून गाळून, तो दुधासारखा रस रात्रभर ठेवायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि तळाला बसलेला साका वाळवायचा. ते पांढुरकं, गुळगुळीत आणि पचायला हलकं होतं. पण बरंचसं पोषण फडक्यात चोथ्याबरोबर जातं आणि हातात मुख्यतः स्टार्च उरतो. आजारपणात किंवा पोट बिघडलेलं असताना ते ठीक आहे. रोजसाठी मोड आणून, वाळवून दळलेलं पीठच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्धा किलो नाचणी घ्या. तिच्यात बारीक खडे आणि माती असतेच, म्हणून नुसती धुऊन चालत नाही, रोळावी लागते. मोठ्या पातेल्यात पाणी भरून नाचणी घाला, पातेलं गोल हलवत वरची नाचणी पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात ओतत राहा. खडे जड, ते तळाला राहतात. तीन-चार वेळा करा. तळाची शेवटची चिमूट टाकून द्या, तिचा लोभ धरू नका. मग दहा-बारा तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांधा. उन्हाळ्यात २४ तासांत मोड येतात, थंडीत दीड-दोन दिवस लागतात. फडकं कोरडं पडलं तर पाण्याचा हबका मारा. पाणी ठिबकत राहील इतकं ओलं ठेवलं तर आंबट वास येतो. चिकटपणा आणि आंबट वास आला की ती खेप बाळासाठी वापरू नका.

पांढरा मोड दाण्याइतका लांब दिसला की थांबा. पंचावर पंख्याखाली पातळ पसरून पाणी ओसरू द्या, मग एक-दोन दिवस उन्हात वाळवा. जिथे ऊन नाही तिथे ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर, ६० ते ७० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून पाच-सहा तास. वाळलेली नाचणी तळहातांत चोळली की मोड गळून पडतात. सुपात पाखडून घ्या.

इथे दोन वाटे करा. मोठा वाटा मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, खमंग वास येईपर्यंत भाजून दळा. छोटा वाटा, अर्धी वाटीभर, न भाजताच दळून वेगळ्या बाटलीत ठेवा. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं द्रव्य तयार होतं, ते स्टार्चचे लांब धागे तोडतं. भाजण्याच्या उष्णतेने ते मरतं, न भाजलेल्या पिठात जिवंत राहतं. त्याचा उपयोग असा: ३ चमचे पिठाची १ वाटी पाण्यात लापशी केली की ती घट्ट पिठल्यासारखी होते आणि बाळाला गिळवत नाही. आपण पाणी ओतून ती सैल करतो, म्हणजे ताकद तेवढीच आणि आकारमान दुप्पट. बाळ अर्धी लापशी सोडतं. पाणी घालण्याऐवजी लापशी गॅसवरून उतरवा, चटका न बसता चाखता येईल इतकी निवली की न भाजलेलं पीठ अर्धा छोटा चमचा घालून ढवळा. दोन-तीन मिनिटांत डोळ्यांदेखत ती सैल होते. मग पुन्हा गॅसवर ठेवून दोन-तीन मिनिटं चांगली उकळा, कारण घातलेलं पीठ कच्चं आहे. फार गरम असताना घातलं तर काहीच होत नाही. कुपोषित मुलांच्या आहारासाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात या मोडाच्या पिठावर बरंच काम झालं. ज्या बाळाचं वजन हळू वाढतंय त्याच्यासाठी ही युक्ती फार मोलाची आहे.

रोजची लापशी: २ चमचे भाजलेलं पीठ १ वाटी थंड पाण्यात कालवून, मंद आचेवर सात-आठ मिनिटं, रंग गडद आणि चकचकीत होईपर्यंत शिजवा. रंग फिकट आणि मातकट राहिला तर ती कच्ची आहे. अशी लापशी पोटाला जड होते. वरून तूप. वर्षापुढच्या मुलांना ताक घालून आंबील करा, जिऱ्याची पूड आणि चिमूटभर मीठ. जायफळ किसायचंच झालं तर किसणीवर एकदा ओढण्यापुरतंच. मूल शांत झोपतं म्हणून ते वाढवत नेण्याची सवय वाईट आहे, जास्त जायफळ अंगाला बाधतं.

मेतकूट

तिन्ही डब्यांत जास्त दिवस साथ देतं ते हे. १ वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीद डाळ, पाव वाटी मूगडाळ, २ चमचे गहू, १ चमचा धणे, १ छोटा चमचा जिरे, अर्धा छोटा चमचा मोहरी, पाव छोटा चमचा मेथ्या, अर्धा छोटा चमचा सुंठ पूड, अर्धा छोटा चमचा हळद, पाव छोटा चमचा हिंग, जायफळ नावापुरतं.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, यात सवलत नाही. हरभरा डाळीला दहा-बारा मिनिटं लागतात आणि मूगडाळ पाचव्या मिनिटाला लाल होते. एकत्र टाकलं की एक करपतं, एक कच्चं राहतं. आच मंदच ठेवा. हरभरा डाळ बाहेरून गुलाबी झाली तरी आतून कच्ची असू शकते. एक दाणा काढून गार करून चावा: कट्टकन फुटून कच्ची चव लागली नाही तर झाली. मेतकुटाला येणारा कच्चट वास दहांतल्या नऊ वेळा या डाळीचा असतो. गहू फुटायला लागले की उतरवा. मेथ्या सगळ्यात शेवटी, गॅस बंद केलेल्या गरम कढईत मोहरी-जिऱ्याबरोबर परता. रंग एका छटेने गडद झाला की पुरे. मेथ्या काळ्या पडल्या तर सगळं मेतकूट कडू होतं आणि त्याला उपाय नाही. हळद, हिंग आणि सुंठ त्याच उरलेल्या उष्णतेत घाला.

सगळं परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना दळलं तर मिक्सरच्या झाकणाला वाफ धरते, तीच पुढे डब्यात गुठळी आणि बुरशी होते. दळून मैद्याच्या चाळणीने चाळा. वर उरलेली कणी पुन्हा दळा, ती टाकू नका, डाळीचा भाग त्यातच असतो.

मिरची आता घालायची, आणि तीही निम्म्याच मेतकुटात. निम्मं बिनतिखट मुलांच्या डब्यात भरलं की उरलेल्यात मोठ्यांसाठी भाजलेली लाल मिरची आणि मिठाची पूड मिसळा. दोन डब्यांवर चिठ्ठी लावा. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ते दोन महिने छान राहतं, कोरडा चमचा वापरला तर.

नऊ महिन्यांच्या बाळाला मऊ भात-तुपावर चिमूटभर, वर्षाच्या पुढे अर्धा ते एक छोटा चमचा. दोन वर्षांनंतर याचे उपयोग वाढत जातात. दही-मेतकूट कालवून गाजराच्या किसाला लावा, कोशिंबिरीला कधी हात न लावणारी मुलं ती खातात. तूप-मेतकूट पसरलेल्या पोळीची गुंडाळी, मेतकूट भुरभुरलेला दहीभात, धिरड्याच्या पिठात एक चमचा. डाळ आणि धान्य दोन्ही असल्यामुळे ज्या दिवशी मूल आमटीला तोंड लावत नाही त्या दिवशी मेतकूट-भाताने बऱ्यापैकी भागतं.

लोहासाठी मात्र मेतकुटावर आणि दुधावर विसंबू नका. सहा महिन्यांनंतर बाळाचा जन्मतःचा लोहाचा साठा संपत आलेला असतो. घट्ट डाळ, पालेभाजी, खाणाऱ्यांच्या घरी अंडं, मासे, खिमा रोजच्या चक्रात असू द्या आणि डाळ-पालेभाजीवर लिंबाचे दोन थेंब पिळा, त्याने लोह अंगी लागायला मदत होते. चहा-बिस्किट हा लहान मुलांचा खाऊ नव्हे. चहाने लोह अडतं आणि भूकही मरते. मासा द्यायचा तर पापलेटसारखा मोठ्या काट्याचा, बोटांनी कुस्करून, काटा चाचपून. मोरी आणि मोठी सुरमई मुलांना वरचेवर नको, मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो. अंडं, शेंगदाण्याचं कूट, मासा हे पहिल्यांदा देताना एका वेळी एकच, थोडं आणि सकाळी द्या, म्हणजे पुरळ किंवा उलटी झाली तर दिवसाउजेडी कळेल.

दीड वर्षाचं मूल जेवत नाही

ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात असते आणि तिचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आईला मात्र दहाव्या महिन्यातला घास आठवत असतो. त्यातून मागे लागणं, मोबाइल समोर धरणं आणि एक-एक तास भरवत बसणं सुरू होतं.

आधी दूध मोजा. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध जात असेल तर जेवणाला जागाच उरत नाही. मग मधला खाऊ पाहा: जेवणाआधी अर्ध्या तासात दोन बिस्किटं गेली तर ते जेवण गेलं समजा. हे दोन दुरुस्त केलं की पुष्कळदा प्रश्न सुटतो. जेवायला वीस ते तीस मिनिटं, सगळ्यांच्या पंक्तीत, मुलाचं ताट त्याच्या समोर. नवी भाजी एका चमच्याएवढीच, ओळखीच्या भाताच्या शेजारी ठेवा. आठ-दहा वेळा समोर आल्यावर मूल ती उचलतं, तोवर आग्रह नको. चिऊ-काऊचे घास जरूर करा, पण मूल तोंड फिरवतं तेव्हा चिऊला आणि काऊला दोघांनाही थांबवा. वजन सलग दोन-तीन महिने वाढत नसेल किंवा कमी होत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

पाच वर्षांच्या आत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या-चिवड्यातले दाणे आणि गोळ्या देऊ नका. द्राक्षं उभी चिरून चार भाग करा. कच्च्या गाजराचा तुकडा सगळ्यात फसवा. वाफवून द्या किंवा किसून. पळत-खेळत खाणं बंद.

जुलाब झाले तर जेवण तोडू नका. मऊ भात, ताजं दही, केळं, अंगावरचं दूध चालू ठेवा आणि ओआरएस (पाण्यात विरघळवायची क्षार-साखरेची पुडी) द्या. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ती अख्खी पुडी एकदम विरघळवायची. अंदाजाने अर्धी पुडी पेल्यात टाकली तर ते पाणी खारट होऊन अपाय होतो.

शाळेचा डबा

बालवाडीच्या डब्याची खरी अडचण चवीची नसते, वेळेची असते. सकाळी सातला भरलेला डबा दहाला उघडतो, तोवर पदार्थ बदललेला असतो. पोहे कोरडे पडतात, म्हणून झाकून वाफ काढायच्या आधी दोन चमचे दूध शिंपडा. उपमा दगड होतो, म्हणून रव्याच्या तिप्पट पाणी आणि शेवटी एक चमचा दही घाला. थालीपीठ वातड होतं, म्हणून भाजणीत किसलेला दुधी किंवा उकडलेला बटाटा मळा आणि ते तळहाताएवढंच थापा. पोळीची कणीक थोडं दूध घालून सैल मळा, अर्धा तास मुरू द्या आणि तव्यावरून उतरल्यावर दोन्ही बाजूंना तूप लावा. गरम पोळी डब्यात कोंडली की झाकणाचं पाणी पडून ती ओली चिकट होते, म्हणून आधी फडक्यात गुंडाळून पाच मिनिटं निवू द्या. तूप-गुळाची गुंडाळी उन्हाळ्यात पाझरून दप्तर भरते. गुळात तितकंच शेंगदाण्याचं कूट मिसळा, गूळ धरून राहतो. शाळेत शेंगदाण्याला बंदी असेल तर कुटाऐवजी पंढरपुरी डाळ्याचं पीठ वापरा. कूट करताना कुबट वासाचे, काळपट किंवा सुरकुतलेले दाणे निवडून टाका, त्या बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

मधल्या खाऊला गूळपापडी करा. १ वाटी कणीक, अर्ध्या वाटीला थोडं कमी तूप, पाऊण वाटी बारीक चिरलेला गूळ, वेलची. तुपात कणीक मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, बदामी होऊन तूप सुटेपर्यंत भाजा. गॅस बंद करा, एक-दोन मिनिटं थांबा, मग गूळ घालून भराभर मिसळा. गॅस चालू असताना गूळ घातला तर त्याचा पाक होतो आणि वडी इतकी कडक होते की मुलांचे दात टेकत नाहीत. तूप लावलेल्या ताटलीत वाटीच्या बुडाने थापा. थापायचं काम मुलांना द्यायचं तर ताटली हाताला सोसेल इतकी निवू द्या. तीन वर्षांचं मूल वाटीने दाबतं, कोथिंबिरीची पानं खुडतं, उकडलेल्या बटाट्याची सालं काढतं. चार-पाच वर्षांचं मूल मटार सोलतं आणि स्वतःच्या छोट्या पोळपाटावर लाटतं. तेवढ्या वेळात गॅसवरच्या कढयांचे दांडे आत वळवलेले असू द्या.

वड्यांच्या रेषा गरम असतानाच सुरीने पाडा. पूर्ण गार झाल्यावर कापायला गेलात तर भुगा होतो. झालाच तर त्यात दोन छोटे चमचे गरम तूप मिसळा आणि मुलांना लाडू वळायला बसवा.